टाके निघाले, ब्रेक दाबता येतो का?

महाडच्या एसटी स्टँडबाहेर सकाळी रिक्षांची रांग लागते. गेल्या थंडीत त्या रांगेत आम्हाला आपल्याच वस्तीतला एक रिक्षावाला दिसला. हर्नियाचे ऑपरेशन होऊन त्याला अकरा दिवस झाले होते. आदल्या दिवशी टाके काढले आणि दुसऱ्या दिवशी सातच्या ठोक्याला तो स्टँडवर हजर.

"दादा, इतक्यात?"

"टाके निघाले ना ताई. आता घरी बसून काय करू? थोडं दुखतंय, पण चालतंय."

आम्ही म्हटले, गाडी बंदच राहू द्या. समोरून पोर धावत आले असे समजा आणि ब्रेक दाबा. त्याने उजवा पाय ब्रेकवर ठेवला, जोर लावला आणि निम्म्यातच पाय सुटला. हात आपोआप जांघेवर गेला. मागच्या सीटवर दोन शाळकरी मुली दप्तरे मांडीवर घेऊन तिसरा प्रवासी यायची वाट बघत होत्या.

ऑपरेशननंतर गाडी हातात कधी घ्यायची, आणि त्याआधी गाडीत बसून घरी कसे यायचे, यावर आपल्या वाड्यांमध्ये कोणी बोलत नाही. पथ्याचे सगळे सांगतात. वांगे खाऊ नका, आंबट खाऊ नका, हे शेजारची आजीसुद्धा सांगते. गाडीचे मात्र डॉक्टर सांगत नाहीत, आपण विचारत नाही. आम्ही कित्येक वर्षे वॉर्डात नर्स म्हणून काम केले, हजारो जणांच्या हातात सुट्टीचा कागद दिला, आणि खरे सांगायचे तर "घरी कसे जाणार?" हा प्रश्न आम्हीही क्वचितच विचारला. पेशंट गेटबाहेर गेला की आमची ड्युटी संपली असे आम्हाला वाटे. आज वाडीवाडीत फिरताना ती चूक कळते.

आधी शरीराचे बघू. टाके निघाले म्हणजे वरची कातडी मिटली, एवढाच त्याचा अर्थ. कातडी आठ-दहा दिवसांत मिटते. तिच्या खाली स्नायू असतात आणि स्नायूंवर एक चिवट आवरण असते. पोटाला खरी ताकद त्या आवरणाची. ते भरून पक्के व्हायला सहा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. गाडी चालवताना आपण वापरतो ते हेच आतले पोट. जोरात ब्रेक दाबताना पोट आवळावे लागते. बाइकला किक मारताना, डबल स्टँडवर चढवताना, जुन्या रिक्षाचा स्टार्टरचा दांडा ओढताना पोटावर केवढा ताण येतो ते टाके असलेल्या माणसाला विचारा.

शिवाय शरीर स्वतःला जपते. दुखेल या भीतीने पाय आपण न सांगताच हळू पडतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. पाय अर्धा सेकंद जरी अडखळला तरी गाडी साडेपाच मीटर पुढे सरकलेली असते, म्हणजे दोन रिक्षा एकामागे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर. पोर तेवढ्यात वाचते किंवा जाते.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. ऑपरेशननंतर दुखण्यावर ट्रॅमाडॉलसारख्या गोळ्या देतात. त्यांनी गुंगी येते, चक्कर येते, नजर जड होते. खाज किंवा सर्दीवरच्या सेटिरिझिननेही काहींना झोप येते, आणि ती तर आपल्याकडे चण्याफुटाण्यासारखी खाल्ली जाते. मग ड्रायव्हर म्हणतो, "गोळी नाही घेतली ताई, गाडी चालवायची होती." म्हणजे गोळी घेतली तर झोप आणि नाही घेतली तर कळ. यातला कुठलाही माणूस हँडलवर बसण्याजोगा नाही. गुंगीच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या आणि तरीही कळ येत नाही, असे झाले तरच पुढचा विचार. आणि भूल दिलेली असेल, मग ऑपरेशन कितीही लहान असो, पुढचे चोवीस तास गाडीला हात लावायचा नाही. त्या दिवशी कुठल्या कागदावर सही किंवा अंगठाही देऊ नये, डोके ठिकाणावर नसते.

किती दिवस थांबायचे? आकडा तुमच्या डॉक्टरकडूनच घ्या. पण अंदाज असावा म्हणून सांगतो. दुर्बिणीने केलेले छोटे ऑपरेशन असेल तर एक-दोन आठवडे. चिरा देऊन केलेला हर्निया असेल तर त्याहून जास्त. सिझेरियन किंवा पोट उघडून गर्भपिशवी काढली असेल तर चार ते सहा आठवडे धरून चाला. उजव्या गुडघ्याचा किंवा खुब्याचा सांधा बदलला तर साधारण सहा आठवडे. पाय प्लास्टरमध्ये असेल तर प्लास्टर निघून त्या पायावर पूर्ण भार देऊन चालता येईपर्यंत प्रश्नच नाही. हृदयाच्या बायपासमध्ये छातीचे हाड कापून पुन्हा तारेने बांधलेले असते. ते सांधायला दोन-तीन महिने लागतात, आणि ज्याचे पोट प्रवासी वाहतुकीवर आहे त्याने तर तपासणी झाल्याशिवाय हात लावू नये. मोतीबिंदूनंतर दिसायला लागले म्हणून लगेच बाइक काढतात. एका डोळ्याने अंतर चुकते, हायवेची धूळ डोळ्यात जाते. डोळे तपासून डॉक्टर हो म्हणतील तेव्हाच.

हे आकडे गुळगुळीत रस्त्याचे आहेत, हेही ध्यानात घ्या. मुंबईचा डॉक्टर "हलके ड्रायव्हिंग चालेल" म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर त्याची गिअर नसलेली मोटार असते. आपल्याकडे मुंबई-गोवा हायवेचे रुंदीकरण 2011 पासून चालू आहे आणि त्या वर्षी जन्मलेले पोर आता दाढी-मिशा फुटायच्या वयात आले. इंदापूर, लोणेरे, महाड, पोलादपूर, पुढे कशेडी, या पट्ट्यात वळण कुठे टाकले आहे हे दर पावसाळ्यात नव्याने शिकावे लागते. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाचे तर सांगायलाच नको. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस तिथे दरीत गेली आणि कितीतरी माणसे गेली. त्या अपघाताचा कोणाच्या ऑपरेशनशी संबंध नाही. पण त्या घाटात एका चुकीला दुसरी संधी नसते हे पोलादपूरच्या पोरालाही माहीत आहे. आणि आपल्या बहुतेक बौद्धवाड्या गावाच्या कडेला, चढावर. शेवटचा अर्धा किलोमीटर पहिल्या गिअरमध्ये, हँडलशी झटापट करत. डॉक्टरला हे सांगा. "साहेब, मी वरंध घाटात टेम्पो चालवतो, रोज इतक्या फेऱ्या, पोती मीच उतरवतो." म्हणजे तो सहाचे आठ आठवडे करील. डॉक्टर रागावतील म्हणून आपली माणसे पांढऱ्या कोटासमोर गप्प बसतात. रागावले तर रागावू द्या. गाडी कधीपासून चालवायची, ती तारीख सुट्टीच्या कार्डावर लिहूनच मागायची.

आता पैशाचे. त्या रिक्षावाल्या दादाला आम्ही रागावलो असतो तर ते सोपे होते. पण त्याचा फायनान्सचा हप्ता दर महिन्याच्या सात तारखेला असतो. स्टँडवर नाही गेला तर चूल नाही. त्याला पगारी रजा नाही. ज्यांच्या पगारातून ईएसआयसी कापली जाते त्यांना निदान आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के मिळण्याची तरतूद आहे. एमआयडीसीत कंत्राटदाराच्या गाडीवर असणाऱ्या भावांनी आपली ईएसआयसी खरेच भरली जाते का ते आजच बघावे. रिक्षा, वडाप, टेम्पोवाल्याला तेही नाही. म्हणून त्याची घाई ही बेफिकिरी आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण ती घाई त्याच्या एकट्याच्या घरातला प्रश्न आहे हेही आम्ही मान्य करणार नाही. त्याच्या मागे बसलेल्या मुली कोणाच्या होत्या? आपल्याच ना.

इथे आपल्याला बाबासाहेबांचा एक अनुभव आठवतो. 1929 साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून ते खानदेशात गेले होते. परतताना चाळीसगावच्या महारवाड्यातल्या लोकांनी त्यांना मुक्कामाला थांबवून घेतले. स्टेशनवरून वस्तीत न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, कारण बसणारा अस्पृश्य. आपल्या माणसांना वाटले, एवढ्या मोठ्या माणसाला चालत नेणे बरे दिसत नाही. शेवटी टांगा भाड्याने मिळाला, पण टांगेवाला हाकायला येईना. मग आपल्यातलाच एक जण लगाम धरून बसला, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडावर फेकले गेले, त्यांचा पाय मोडला, घोडा आणि टांगा नदीत गेला. "वेटिंग फॉर अ व्हिसा" मध्ये त्यांनी हे सगळे लिहिले आहे. हा प्रसंग सांगताना आपण नेहमी टांगेवाल्याच्या जातीच्या मस्तीवर थांबतो, आणि ते बरोबरच आहे. पण बाबासाहेबांनी आपल्या माणसांचीही चूक तिथे नोंदवली आहे: पाहुण्याचा मान राखायच्या नादात त्याचा जीव सुखरूप राहिला पाहिजे हे ते विसरले. प्रेमाने केलेली चूक असली तरी पाय मोडायचा तो मोडलाच.

आमच्या डोळ्यासमोर हा प्रसंग दोन वेळा येतो. एकदा, दुखत्या पोटाचा माणूस "मी बरा झालो" हे दाखवायला हँडलवर बसतो तेव्हा. आणि दुसऱ्यांदा, तो घरी थांबला म्हणून त्याचा सतरा-अठरा वर्षांचा भाचा बॅज नसताना रिक्षा काढतो तेव्हा. हे दुसरे तर आपल्या वस्तीत सर्रास चालते. लगाम धरता येणारा माणूस हवा, आपुलकीचा माणूस पुरत नाही.

मग करायचे काय? हर्निया, गर्भपिशवी, मोतीबिंदू ही ऑपरेशने बहुतेक वेळा ठरवून करता येतात. (गर्भपिशवी काढायचीच आहे का, हे दुसऱ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ठरवू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांचे काय झाले ते 2019 मध्ये सगळ्या महाराष्ट्राने वाचले. त्यावर वेगळे लिहू.) ठरवता येते म्हणजे महिना निवडता येतो. ज्या महिन्यात धंदा तसाही थंड असतो तो धरा. फायनान्सवाल्याकडे हप्ता चुकल्यावर जाऊ नका, आधी जा. हॉस्पिटलचा कागद जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रिक्षा उभी ठेवायची नसेल तर लायसन्स आणि बॅज असलेल्या ड्रायव्हरला रोजच्या वाट्यावर द्या. आणि विहारातल्या बैठकीत हा विषय ठेवा. आपण जयंतीला वर्गणी काढतो, मुंबईकर मंडळी मनापासून पाठवतात. त्याच वहीत एक पान आजारी ड्रायव्हरच्या एका हप्त्यासाठी उघडायला काय हरकत आहे? बिनव्याजी, परतफेडीचे. महिलांचे बचत गट हे काम पुरुषांपेक्षा नेटके करतील असे आमचे मत आहे, पण ते भांडण बैठकीतच होऊ द्या.

कायद्याचेही एक वाक्य. मोटार वाहन कायदा 1988, कलम 186. आपल्याला आजार किंवा व्यंग आहे आणि त्यामुळे आपले गाडी चालवणे लोकांना धोक्याचे आहे हे माहीत असूनही गाडी चालवली, तर तो गुन्हा आहे. अपघात झाल्यावर सुट्टीच्या कार्डावरची तारीख पोलिसांच्या हातात असते.

आता ज्या गाडी चालवत नाहीत त्यांच्याबद्दल, म्हणजे मुख्यतः आपल्या बायकांबद्दल. त्यांना तर कोणी विचारतच नाही. एक ताई आम्हाला आठवते. गर्भपिशवीचे ऑपरेशन, सुट्टी झाली, मुलगा बाइक घेऊन आला. ताई साडीत, दोन्ही पाय एका बाजूला, एका हातात औषधांची पिशवी. हायवेचे खड्डे, मग वाडीचा चढ. एका बाजूला बसले की पोट सतत पिळलेले राहते आणि प्रत्येक खड्ड्याला टाक्यांवर हिसका बसतो. घरी पोहोचल्यावर लुगडे ओले झाले होते. पुन्हा भरती, पुन्हा टाके. मुलगा बिचारा रडत होता. त्याने कोणाला विचारले असते तर शंभर-दोनशे रुपयांच्या रिक्षाने ते टळले असते. ऑपरेशननंतर निदान सहा आठवडे बाईला बाइकच्या मागे एका बाजूला बसवू नका. आमच्या आशाताई, अंगणवाडीताई स्वतः स्कूटी चालवतात, त्यांनी वरचे सगळे नियम स्वतःलाही लावावेत. त्या दुसऱ्यांना सांगतात आणि स्वतः तिसऱ्या आठवड्यात सर्व्हेला निघतात.

यात सरकारकडून मिळायचे ते तरी घ्या. सरकारी दवाखान्यात बाळंतपण झाले, साधे असो की सिझेरियन, तर जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आई-बाळाला घरी सोडण्याची गाडी मोफत आहे. 2011 पासून आहे. ती 102 ची गाडी. ती मागावी लागते. "गाडी बाहेर गेली आहे" असे उत्तर मिळाले तर थांबतो म्हणा, बेडवरून उठू नका. महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन झाले असेल तर घरी जायचे एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे पॅकेजमध्येच धरलेले असते. सुट्टीच्या दिवशी आरोग्यमित्राला विचारा. थोडेच पैसे आहेत, पण आपले आहेत.

केईएम, जेजे किंवा सायनला ऑपरेशन झाले की महाडपर्यंत जवळपास पावणेदोनशे किलोमीटर आणि हायवेच्या कृपेने पाच-सहा तास. एवढा वेळ पाय लोंबकळत बसून राहिले की पिंढरीत रक्त साकळू शकते, आणि ऑपरेशननंतरचे काही आठवडे तो धोका जास्त असतो. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. म्हणून शक्य असेल तर कोकण रेल्वेने वीरपर्यंत या, गाडीत आडवे होता येते, उठून दोन पावले टाकता येतात. मोटारीने यायचे तर दर तासाला थांबा, पाच मिनिटे चाला. बसल्या जागी पावले वर-खाली करत राहा, शिलाई मशीन चालवल्यासारखी. पाणी प्या. लघवीला कुठे जायचे म्हणून आपल्या बाया दिवसभर घोटभर पाण्यावर राहतात. तसे करू नका, सोबतच्याने जागा शोधून ठेवावी. सीट मागे कलती करा. सीटबेल्ट टोचतो म्हणून काढून टाकू नका. खालचा पट्टा पोटावर न घेता कंबरेच्या हाडांवर, चिऱ्याच्या खाली घ्या आणि मध्ये टॉवेलची घडी ठेवा. खोकला आला किंवा खड्डा दिसला की छोटी उशी दोन्ही हातांनी पोटाशी घट्ट धरा. उशी नसेल तर चादर गुंडाळा. पुढे काही दिवस पिंढरी सुजली, गरम लागली, दाबून दुखली तर त्याच दिवशी दवाखाना. धाप लागली किंवा छातीत दुखले तर थांबायचे नाही, 108.

20 मार्चला चवदार तळ्यावर जायचे म्हणून पंधरा दिवसांच्या टाक्यांसह पाच तास टेम्पोत उभे राहून आलेले उपासक आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या भावनेपुढे आम्ही काय बोलणार? एवढेच म्हणतो की तळे पुढच्या वर्षीही आहे.

त्या रिक्षावाल्या दादाचे पुढे असे झाले. आम्ही मुलींना दुसऱ्या रिक्षात बसवले. तो चिडला, दोन दिवस बोलला नाही. मग त्याच्या मेव्हण्याने, ज्याच्याकडे बॅज आहे, अर्ध्या वाट्यावर गाडी घेतली. एक हप्ता बहिणीने भरला, दुसरा उशिरा गेला आणि दंड बसला. सहाव्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवून आल्यावर विहाराच्या पटांगणात आम्ही त्याला रिकामी रिक्षा चालवायला लावली. आधी बंद गाडीत दहा वेळा ब्रेक. मग हळू चालवत असताना कोणीतरी "थांब!" ओरडायचे आणि त्याने थांबवायची. मान दोन्ही खांद्यांवरून मागे वळते का, अर्धा तास बसून कंबर धरते का, तेही बघितले. तिसऱ्या "थांब"ला त्याने असा ब्रेक मारला की मागे बसलेला मेव्हणा पुढे येऊन आदळला. पहिल्या आठवड्यात त्याने फक्त सकाळच्या चार फेऱ्या केल्या, शहरातल्या शहरात. पोलादपूरचे भाडे घ्यायला अजून पंधरा दिवस लागले, आणि सामान उचलायला प्रवाशालाच सांगायचे असे बायकोने बजावून ठेवले होते.